बंदुका घडवणाऱ्या टेकडीवरचं कॉलेज: स्प्रिंगफील्ड आर्मरीविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची अमेरिकेत हार्टफर्डला असते, जूनमध्ये तुम्ही तिच्याकडे जाणार आहात आणि ती तुम्हाला स्प्रिंगफील्ड आर्मरी दाखवणार आहे. डिप्लोमाला असताना 'अदलाबदल करता येणारे सुटे भाग' या धड्यात हे नाव तुम्ही वाचलं होतं. आता कळतंय की तिथे एक कॉलेज आहे. मग ते शस्त्रागार होतं, कारखाना होता की शाळा? आणि त्याच नावाची पिस्तुलं विकणारी कंपनी हीच का?

शेवटचं आधी सांगून टाकतो. कंपनीचा या जागेशी नावापलीकडे संबंध नाही. ती खाजगी कंपनी इलिनॉय राज्यातली, १९७४ पासूनची. तुम्ही बघणार आहात ती मॅसॅच्युसेट्समधली सरकारी आर्मरी, जी १९६८ मध्ये बंद झाली. बाकी तीनही गोष्टी ती जागा होती, एकामागून एक. माझी चौतीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात गेली, त्यातली शेवटची बरीचशी गेज (भागाचं माप बरोबर आहे का ते पारखायचं साधन) आणि मोजमापाच्या कामात. त्यामुळे हे उत्तर इतिहासकाराचं नाही, कारागिराचं आहे, आणि जिथे कारागिरीचा विषय येईल तिथे मी थोडा रेंगाळेन.

सुरुवात कोठारापासून. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, १७७७ मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टन आणि त्यांचा तोफखानाप्रमुख हेन्री नॉक्स यांनी दारूगोळा आणि हत्यारं साठवायला ही जागा पक्की केली. कनेक्टिकट नदीच्या काठावरची उंच टेकडी, चहूकडे जाणारे रस्ते, आणि नदीत पुढे धबधबा असल्यामुळे समुद्रावरून ब्रिटिश लढाऊ जहाजं इथवर येऊ शकत नव्हती. युद्ध संपलं, कोठार राहिलं. मग १७८७ च्या जानेवारीत कर्जानं आणि करांनी पिचलेले शेतकरी डॅनियल शेज याच्या नेतृत्वाखाली हेच कोठार ताब्यात घ्यायला चालून आले. बर्फ पडलेलं होतं. जनरल शेपर्डच्या तोफा सुटल्या, चार माणसं मेली, जमाव पांगला. पण आपलं मध्यवर्ती सरकार किती दुबळं आहे हे त्या दिवशी साऱ्या देशाला दिसलं, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला जे लोक बसले त्यांच्या मनात हा प्रसंग ताजा होता.

१७९४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला आणि कोठाराच्या जोडीला कारखाना आला. इंग्रजीत या दोन्हींना वेगळे शब्द आहेत. साठवण्याची जागा ती आर्सेनल, घडवण्याची ती आर्मरी. आपण दोन्हींना शस्त्रागार म्हणतो आणि तिथेच गोंधळ होतो. पहिल्या वर्षी, म्हणजे १७९५ मध्ये, चाळीसेक माणसांनी मिळून २४५ मस्केटी, म्हणजे लांब नळीच्या जुन्या बंदुका, बनवल्या. नमुना फ्रेंच शार्लव्हिल बंदुकीचा. पद्धत आपल्याकडच्या लोहाराची असते तीच: तापवा, ठोका, कानशीने घासा, बसवून बघा, परत घासा. एका बंदुकीचा खटका दुसरीला बसायचा नाही. रणांगणावर बंदुकीचा घोडा तुटला की ती कारागिराकडे परत.

माझ्या उमेदीच्या काळात भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये जोडीच्या भागांवर खडूने आकडे घातलेले असायचे. तीन नंबरचं झाकण तीन नंबरच्या बॉडीलाच. झाकण हरवलं तर नवं झाकण घेऊन फिटरने तासभर कानस चालवायची. स्प्रिंगफील्डची टेकडी समजून घ्यायची तर आधी तो खडूचा आकडा डोळ्यांसमोर आणा. तो पुसायला तिथे जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

इथे पाठ्यपुस्तकं घाई करतात. इलाय व्हिटनी या माणसाने १८०१ मध्ये मोठ्या लोकांसमोर बंदुकांचे खटके अदलाबदल करून दाखवले, आणि तेव्हापासून श्रेय त्याच्या खात्यावर मांडलं गेलं. पुढे त्याच्या बंदुका उघडून तपासल्या तेव्हा भाग एकमेकांना बसत नव्हते. कल्पना त्याचीही नव्हती. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ हे काम आधी करत होता आणि १७८५ मध्ये थॉमस जेफरसनने ते स्वतः पाहिलं होतं. प्रत्यक्षात यंत्रावर बनवलेले, खरोखर अदलाबदल करता येणारे भाग आधी जमवले ते हार्पर्स फेरीच्या दुसऱ्या सरकारी आर्मरीत जॉन हॉलने, १८२० च्या दशकात, त्याच्या मागून भरायच्या रायफलीसाठी. पण ती संख्या लहान होती आणि खर्च मोठा. रोजच्या साध्या सैनिकाच्या बंदुकीत, हजारोंच्या संख्येनं हे करून दाखवलं ते स्प्रिंगफील्डने, १८४२ च्या नमुन्याच्या मस्केटीत. मला हॉलविषयी फार आदर आहे. तरी शंभर नग बरोबर येणं आणि लाख नग बरोबर येणं यांत किती अंतर असतं, हे ज्यानं उत्पादन चालवलंय त्याला सांगावं लागत नाही.

हे घडलं कसं, त्याचे दोन धागे. पहिला माणूस रॉझवेल ली, १८१५ पासून १८३३ पर्यंत आर्मरीचा सुपरिंटेंडेंट. त्याच्या काळात काम तुकड्यातुकड्यांत वाटलं गेलं, नगामागे मजुरी ठरली, तपासनीस नेमले गेले आणि त्यांच्या हातात गेज आले. आधी तपासणी नमुन्याच्या बंदुकीशी ताडून, नजरेनं व्हायची. गेज आला की मतभेदाला जागा उरत नाही. जातो किंवा जात नाही. आज चाकण-सातपूरच्या कुठल्याही कारखान्यात मुलगा पहिल्या आठवड्यात जे गो आणि नो-गो गेज हातात धरतो, त्याच कुळातले हे. गेजही झिजतात, म्हणून कारागिराचा एक संच, तपासनिसाचा दुसरा, आणि त्या दोन्हींना ताडायला मूळ संच कुलूपबंद. आमच्या टूलरूममध्ये मास्टर गेज कपाटात ठेवून किल्ली एकाच माणसाकडे असायची. ही शिस्त आली कुठून, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं.

दुसरा धागा टॉमस ब्लँचर्ड. बंदुकीचा लाकडी दस्ता हा सगळ्यांत अवघड भाग, कारण त्यात एकही सरळ रेष नाही. कसबी माणूस दिवसभर रंधा, वाकस आणि छिन्नी घेऊन बसला तरी एक-दोन दस्तेच हातावेगळे व्हायचे. ब्लँचर्डने १८१९ च्या सुमारास असं लेथ (कातयंत्र) केलं की त्यात तयार नमुना-दस्ता आणि लाकडाचा ओबडधोबड ठोकळा एकाच वेगानं फिरत. नमुन्यावर एक गुळगुळीत चाक टेकलेलं, ठोकळ्यावर दातेरी कटर. नमुन्याच्या चढउतारांप्रमाणे चाक आत-बाहेर होई आणि कटर नेमकं तेवढंच लाकूड काढत जाई. तुम्ही रस्त्याच्या कडेला किल्ली बनवून घेतली असेल. एका चिमट्यात तुमची किल्ली, दुसऱ्यात कोरी पट्टी, मार्गदर्शक खिट्टी मूळ किल्लीवरून सरकते आणि चाक पट्टीत तेच दाते कापतं. तत्त्व तेच, फक्त दस्ता स्वतःभोवती फिरतो. पुढे ब्लँचर्डने दस्त्यातल्या सगळ्या खाचा आणि बैठका धरून एकूण चौदा यंत्रांची ओळ लावली. आर्मरीच्या आतच, आर्मरीच्या पाण्याच्या शक्तीवर, ठेकेदार म्हणून. हेच लेथ मग बुटांचे लाकडी साचे, कुऱ्हाडीचे दांडे आणि चाकांचे आरे बनवू लागलं. त्याचं एक जुनं यंत्र संग्रहालयात आहे. त्याच्यापुढे घाई करू नका, नमुना कुठे बसतो आणि कटर कुठे ते शोधा.

टेकडीवर पाणी नव्हतं, हेही लक्षात घ्या. जड काम, म्हणजे नळ्या ठोकणं, भोक पाडणं, घासणं, खाली मिल नदीवरच्या पाणचक्क्यांच्या शॉपमध्ये चाले. वर टेकडीवर जोडणी, दस्ते, तपासणी आणि साठवण. मधली ने-आण गाड्यांतून. त्यामुळे तुम्ही जो सुंदर हिरवा चौक आणि लाल विटांच्या इमारती बघाल तो निम्माच कारखाना आहे. घामाचा निम्मा भाग खाली नदीवर होता.

आता मला सगळ्यांत आवडणारा प्रसंग. १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारची एक समिती अमेरिकेतली यंत्रं बघायला आली. स्प्रिंगफील्डला त्यांनी १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतल्या, दर वर्षाची एक अशा दहा मस्केटी निवडल्या. त्या समोर उघडून घेतल्या, सुटे भाग वेगवेगळ्या पेट्यांत मिसळून टाकले. मग एका कामगाराला भाग एकेक करून, येईल तो, हातात दिले. त्याच्याकडे फक्त पेचकस. कानस नाही, हातोडी नाही. त्याने बंदुका जोडून दिल्या. दहा वर्षांत बनवणारी माणसं बदलली, पोलाद बदललं, हत्यारं झिजून नवी आली, आणि तरी १८४४ ची स्प्रिंग १८५३ च्या खटक्यात बसली. एका दिवशीचे दहा नग जुळवणं सोपं. दहा वर्षांचे जुळले याचा अर्थ माप माणसाच्या हातातून निघून संस्थेकडे गेलं होतं. मी शिकवायला उभा राहिलो की हा प्रसंग सांगायचो आणि मुलं एकदम शांत व्हायची.

आदल्या वर्षी इंग्लिश यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थही इथे येऊन गेला होता. होय, ज्याच्या नावाचे बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) आटे आपण अजून जुन्या यंत्रांत काढतो तोच. समितीने मायदेशी जाऊन शिफारस केली, आणि लंडनजवळच्या एन्फील्डच्या सरकारी कारखान्यासाठी अमेरिकेतून यंत्रं घेतली गेली. दस्त्यांची यंत्रं स्प्रिंगफील्डच्या शेजारच्या चिकोपीतल्या एम्स कंपनीची. एन्फील्ड हे नाव आपल्याला १८५७ च्या काडतुसांमुळे माहीत आहे. ती १८५३ च्या नमुन्याची रायफल, आणि तीच यंत्रावर बनवायला ही सगळी खटपट होती. बंडाच्या वेळी शिपायांना दिलेल्या रायफली याच यंत्रांवरच्या होत्या असं मात्र समजू नका, तो यंत्रकारखाना तेव्हा नुकता उभा राहत होता. ज्ञान एकाच दिशेनं गेलं असंही नाही. नळ्या ठोकून जोडण्याऐवजी रोलखालून काढायची इंग्रजी पद्धत १८५८ च्या सुमारास उलट स्प्रिंगफील्डला आली.

तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. लोक विचारतात, हे ठिकाण जनतेसाठी कधी खुलं झालं? पाटीवर १९७८ हे वर्ष सापडेल. मला वाटतं ते त्याच्या दीडशे वर्षं आधी खुलं व्हायला लागलं होतं. ही सरकारी आर्मरी आपली यंत्रं आणि पद्धती झाकून ठेवत नव्हती. खाजगी बंदूककार येऊन बघत, नमुने आणि गेज मागून घेत, आणि सरकारी कंत्राट हवं असेल तर आपलीही सुधारणा दुसऱ्यांपासून लपवायची नाही, अशी अपेक्षा असे. इथे तयार झालेला माणूस बाहेर पडला की शिवणयंत्र, घड्याळ, सायकल, जिथे जाईल तिथे गेज आणि फिक्स्चर (काम घट्ट धरून ठेवणारी चौकट) घेऊन जाई. पिस्तुलं बनवणाऱ्या स्मिथ अँड वेसन मधला होरेस स्मिथ १८२४ पासून अठरा वर्षं याच आर्मरीत होता. १८९३ मध्ये दुर्येया बंधूंनी आपली पेट्रोलवरची मोटार पहिल्यांदा चालवली ती याच शहराच्या रस्त्यावर. कनेक्टिकट नदीचं हे सगळं खोरं यंत्रकारांचं झालं, त्याची वाट या फाटकातून जाते.

अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध थोडक्यात. १८६१ च्या एप्रिलमध्ये हार्पर्स फेरीची आर्मरी जाळली गेली आणि वाचलेली यंत्रं दक्षिणेकडच्यांनी उचलून नेली. केंद्र सरकारकडे स्प्रिंगफील्ड तेवढी उरली. १८६० मध्ये दहा हजारांच्या आत असलेलं वर्षाचं उत्पादन १८६४ मध्ये पावणेतीन लाखांवर गेलं. यंत्रं वाढवली, पाळ्या लावल्या हे खरंच, पण पद्धत आधी बसलेली नसती तर नुसती माणसं भरून हा आकडा आला नसता.

युद्ध संपल्यावर कर्नल जेम्स बेंटन या प्रमुखाने जगभरच्या बंदुका जमवायला सुरुवात केली. शोभेसाठी नाही, कारखान्याच्या अभियंत्यांना चाळता यावं असं हत्यारांचं ग्रंथालय म्हणून. आजच्या संग्रहालयाचं बीज तेच. म्हणून तिथली मांडणी बघताना राजवाड्यातल्या शस्त्रदालनासारखं वाटत नाही. एकाच भागाच्या ओळीने वीस तऱ्हा दिसतात, आणि एका अडचणीवर किती जणांनी किती उपाय केले ते कळतं.

अमेरिकन कवी लाँगफेलो इथे १८४३ मध्ये मधुचंद्राच्या प्रवासात आला होता. मांडणीवर उभ्या रचलेल्या बंदुका त्याच्या पत्नीला चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांसारख्या दिसल्या, आणि त्यावरून त्याने युद्धाविरुद्धची आपली प्रसिद्ध कविता लिहिली. संग्रहालयात तशी बंदुकांची भलीमोठी मांडणी आहे आणि लोक तिच्यापुढे फोटो काढतात. पण आजची मनोरा असलेली मुख्य इमारत १८४७ ते १८५० मध्ये बांधली गेली, कवी येऊन गेल्यानंतर. ती बांधणारा मेजर रिप्ली, त्यानेच आवाराभोवती लोखंडी कुंपण घातलं. सरकारने पैसे दिले नाहीत तेव्हा निकामी झालेल्या जुन्या लोखंडी तोफा वितळवून ते काम झालं. कुंपणाच्या सळयांची टोकं भाल्यासारखी आहेत. हात लावून बघा. स्वातंत्र्ययुद्धातल्या तोफांचंही लोखंड त्यात आहे असं सांगतात.

विसाव्या शतकातलं नाव एकच पुरे: जॉन गॅरंड. क्यूबेकमध्ये जन्मलेला, गिरणीत यंत्रकाम शिकलेला, १९१९ मध्ये आर्मरीत आला. त्याची एम-१ रायफल १९३६ मध्ये सैन्याने घेतली. त्याच्याविषयी मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की रायफलीबरोबर ती बनवायची बरीच हत्यारं आणि यंत्रंही त्यानेच आखली. चित्र काढणारा आणि चित्रातली वस्तू यंत्रावर आणणारा एकच माणूस असणं फार दुर्मिळ. दुसऱ्या महायुद्धात इथे तेरा-चौदा हजार माणसं कामाला होती, त्यांत चाळीस टक्क्यांच्या आसपास स्त्रिया, आणि एकट्या या आर्मरीतून पस्तीस लाखांहून जास्त एम-१ बाहेर पडल्या. गॅरंडने पेटंट सरकारला देऊन टाकली होती. त्याला एक लाख डॉलरचं बक्षीस देण्याचं विधेयक काँग्रेसमध्ये आलं, मंजूर झालं नाही. पगारावर आला, पगारावर निवृत्त झाला, १९७४ मध्ये स्प्रिंगफील्डमध्येच वारला.

मग कारखाना बंद. १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी जाहीर केलं की सरकारने स्वतः रायफली घडवण्याची गरज नाही, खाजगी कंपन्या बनवतील. ३० एप्रिल १९६८ ला काम थांबलं. पावणेदोनशे वर्षांचा कारखाना, ज्यात काही घरांतल्या पिढ्यानपिढ्या कामाला होत्या. आपल्याकडे गिरण्या बंद झाल्या तेव्हाचं गिरणगाव ज्यांनी पाहिलं त्यांना त्या शहराची अवस्था कळेल. फरक जागेच्या पुढच्या वाटचालीत पडला. शहरातले लोक बंद पडण्याची वाट बघत बसले नाहीत. तंत्रशिक्षण देणारी संस्था आधीच होती, तिचं १९६७ मध्ये सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज झालं आणि टेकडीवरच्या विटांच्या इमारती तिला मिळाल्या. आज ते स्प्रिंगफील्ड टेक्निकल कम्युनिटी कॉलेज. मुख्य शस्त्रागार आणि बंदुकांचा संग्रह वेगळा ठेवला गेला. १९७४ च्या कायद्याने ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेनं ते लोकांसाठी उघडलं. रस्त्यापलीकडच्या चौकात पुढे संगणकाचा कारखाना आला, तोही बंद झाल्यावर कॉलेजने १९९६ मध्ये तिथे उद्योगांसाठी तंत्रज्ञान पार्क केलं. नदीवरचे शॉप खाजगी हातांत गेले.

कारखान्याची इमारत वर्गखोल्यांना का जमते, हेही एक कारण आहे. लांब, अरुंद, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, कारण विजेच्या आधी कारागिराला दिवसाचा उजेड हातावर लागायचा. जमिनी भार सोसणाऱ्या. अशा इमारतीत भिंती घालून वर्ग करता येतात आणि यंत्रंही बसवता येतात. साठवणुकीच्या इमारतीत मात्र संग्रहालयच शोभतं. स्प्रिंगफील्डमध्ये वाटणी बरीचशी तशी झाली आहे. आपल्याकडे जुन्या कारखान्याचं काय करावं असा प्रश्न येतो तेव्हा मी आधी खिडक्या बघायला सांगतो.

जायचं कसं, तर हार्टफर्डहून गाडीने तासाच्या आत. आत शिरायला कॉलेजच्याच फाटकातून जावं लागतं, गोंधळू नका. संग्रहालयाला तिकीट नाही. क्रम मी असा ठेवेन: आधी कुंपण आणि हिरवा चौक, मग ब्लँचर्डचं यंत्र, मग गेजचे संच, शेवटी ऑर्गनसारखी मांडणी. गेजची पेटी लोक दोन सेकंदांत ओलांडतात. तिच्यापाशी थांबा आणि भाचीला त्या दहा मस्केटींची गोष्ट सांगा. कॉलेजात मेकॅनिकलचं शिक्षण अजून चालू आहे. सुट्टी नसेल तर बारा-पंधरा मुलं हातात व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी) घेऊन त्या चौकातून जाताना दिसतील.